तीन नंबरचं आवतन

जिवंत बैलाच्या कुशीला भोक पाडून त्यावर रबराचं झाकण बसवलं की त्याला संशोधन म्हणतात, हे मला वयाच्या चोविसाव्या वर्षी कळलं. तोवर मी नागपूरहून सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. होऊन परत आले होते आणि बोरगाव मेघेच्या आमच्या भाजीच्या वाडीत आईशेजारी बसून सांबाराच्या जुड्या बांधत होते. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्यामुंबईकडच्या वाचकांनी इडली डोळ्यांपुढे आणू नये. सत्तरचं दशक संपत आलं होतं. एवढ्या शिकलेल्या मुलीला काम मिळत नाही म्हणून हळहळणारे लोक रोज कुंपणाशी येत, आणि हळहळून झालं की फुकटच्या दोन जुड्या घेऊन जात.

मग देवळीच्या रस्त्यावरच्या एका संस्थेत मला संशोधन साहाय्यकाची जागा मिळाली. संस्थेचं नाव सांगत नाही. नाव लांबलचक होतं आणि काम आखूड. दोन बैठ्या इमारती, एक गोठा, कडब्याची एक गंजी, आणि फाटकावर इतकी मोठी पाटी की तिच्या सावलीत एस.टी.ची वाट पाहणारे चार-पाच जण सहज बसत. जिल्ह्याला संस्थेचा जो काही उपयोग झाला तो तेवढाच.

संचालक पुण्याचे होते. त्यांची मांडणी अशी: बैल कडबा खातो, कुटार खातो, आणि त्यावर नांगर ओढतो. आपण तेच खाल्लं तर आठवड्यात आडवे होऊ. का? तर बैलाच्या पहिल्या पोटात असंख्य जिवाणू राहतात, आणि त्यांनी तयार केलेली एन्झाइम्स त्या चिवट तंतूंचे तुकडे करून त्याची साखर बनवतात. इथपर्यंत सगळं खरं होतं, आणि आजही मला ते नवलाचं वाटतं. पण संचालक इथे थांबत नसत. त्या असंख्य जिवाणूंतला एकच एक कर्तबगार जिवाणू वेगळा काढायचा, त्याची एन्झाइम्स पिंपात भरायची आणि जिल्ह्यातल्या सगळ्या पऱ्हाट्यांची साखर करायची, असा त्यांचा बेत होता. कापूस वेचून झाल्यावर उभी राहते ती पऱ्हाटी. वर्ध्यात कुठलाही समारंभ असो, मग तो वाचनालयाचा वर्धापनदिन का असेना, हे व्यासपीठावर चढून पऱ्हाटीची साखर वाटून यायचे. टाळ्याही मिळायच्या.

मी घरी येऊन हे आईला सांगितलं. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"साऱ्या पऱ्हाट्याची साखर केली," ती म्हणाली, "तं मंग त्या साखरेचा चहा कायच्यावर उकयाचा?"

आमच्या भागातल्या चुली पऱ्हाट्यांवरच पेटायच्या. हा प्रश्न संस्थेत कुणाला पडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

गोठ्यात एकच बैल होता, तीन नंबर. एक नंबर आणि दोन नंबर माझ्या आधीच गेले होते. कसे गेले ते कुणी सांगत नसे. प्रयोगाच्या जनावराला नाव ठेवायचं नाही, नाव ठेवलं की माया जडते आणि माया जडली की निरीक्षणं बिघडतात, असा संचालकांचा नियम होता. तीन नंबर पांढरा, उंच, शांत बैल होता. त्याच्या खांद्याला कधी जू लागलं नव्हतं, पण डाव्या कुशीत वाटीएवढं भोक होतं.

त्याचं सगळं एक माणूस करायचा. पन्नाशी ओलांडलेला, देवळीच्या अलीकडच्या एका खेड्यातला, घरी थोडी शेती आणि एक बैलजोडी असलेला. कागदावर त्यांचं पद पशुपरिचर, तेही हंगामी. मी त्यांना काकाजी म्हणायचे, ते मला ताई. लिहिणं-वाचणं त्यांना येत नव्हतं. रोज सकाळी ते झाकण उघडत, आतून गरम वाफ आणि आंबूस-गोडसर वास येई, आणि ते कोपरापर्यंत हात घालून ओला चोथा बाहेर काढत. तो चौपदरी मलमलीतून पिळायचा, निघालेलं पाणी ऊन करून ठेवलेल्या थर्मासमध्ये भरायचं आणि पळत प्रयोगशाळेत जायचं. हे जिवाणू हवा लागली की मरतात, थंडी लागली की मरतात. इतके नाजूक, आणि काम मात्र पऱ्हाटी फोडायचं.

आमची कसोटी साधी होती. काचेच्या नळीत ते पाणी आणि गाळणकागदाची एक पट्टी. कागद म्हणजे नुसता तंतूच. पोट चांगलं असेल तर दोन-तीन दिवसांत पट्टी पातळ व्हायची, मधोमध तुटायची आणि खाली तिचा कापसासारखा गाळ बसायचा. संचालकांनी वेगळा काढलेला तो कर्तबगार जिवाणू एकट्याने हेच काम करायला आठवडा लावायचा, आणि पुष्कळदा करायचाच नाही. मी दोन्ही निकाल वहीत शेजारी शेजारी लिहिले, तर ते म्हणाले, "अशुद्ध नमुन्याशी शुद्ध वाणाची तुलना करू नका. ते शास्त्र नाही."

काकाजींची कसोटी त्याहून साधी होती. ते बैलाच्या कुशीला कान लावत. "आज पोट मंद हाय जी," म्हणत. पहिले दोन महिने मी हसले. मग नळीतली पट्टी दोन दिवसांनी तेच सांगायची हे ध्यानात आलं, आणि हसणं बंद झालं. दुपारी गोठ्याच्या पडवीत आम्ही डबे उघडायचो. माझ्या डब्यातलं ते घ्यायचे आणि आईच्या हाताची चव ओळखायचे. प्रत्येक गोडात ती सुंठ घालते हे त्यांना पाठ झालं होतं.

आता पोळ्याचं सांगते, कारण सगळं तिथे बिघडलं.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकतात. लोण्यात हळद कालवून पळसाच्या पानाने खांदा चोळायचा आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. आवतन म्हणजे आमंत्रण. दुसऱ्या दिवशी तो पाहुणा असतो. त्याला कामाला जुंपायचं नाही, ओवाळायचं आणि पुरणपोळी खाऊ घालायची. माझ्या तिथल्या पहिल्या दोन्ही पोळ्यांना संस्थेत काकाजींनी तीन नंबरचे खांदे शेकले होते. ज्या खांद्याला जू माहीत नाही तो शेकायचा कशाला, असं कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या देखत त्यांनी सगळ्यांच्या वतीने एक पोळी त्याला चारली होती, आणि एका पोळीने काही होत नाही.

त्या वर्षी मात्र पोळ्यानंतर आठवड्याभरात दिल्लीची समिती येणार होती. संचालकांनी सूचना लावली: पोळ्याच्या दिवशी प्रायोगिक प्राण्यास ठरलेल्या खाद्याखेरीज काहीही देऊ नये. खाली सही, शिक्का. वाक्यात चूक नव्हती. पण हे वाक्य ज्यांनी वाचलं ते सगळे शेतकऱ्यांच्या घरचे होते. मुख्य लिपिकाचं शेत आर्वीकडे, माळ्याचं सेलूकडे, रखवालदाराचे भाऊ अजून नांगर धरणारे. प्रत्येकाच्या मनात एकच विचार आला: अरेरे, एवढा सण आणि गरीब जनावर उपाशी राहणार. आणि प्रत्येकाला वाटलं की नियम मोडायची छाती आपली एकट्याचीच आहे.

माझ्याही मनात तेच आलं. कोणत्या एन्झाइमने काय फुटतं आणि कशाने काय आंबतं हे ज्या एका माणसाला तिथे पुस्तकातून ठाऊक होतं, ती मी होते.

"त्या मुक्या जनावराले घेऊन जाजो," आई म्हणाली आणि फडक्यात पाच पोळ्या बांधून दिल्या. सुट्टीचा दिवस होता. मी सायकलवर गेले. गोठ्यात कुणी नव्हतं. तीन नंबरच्या कपाळावर कुंकवाची दोन बोटं होती. मला वाटलं, वा, लोक निदान पाया पडून गेले. आमच्या जिल्ह्यात पोळ्याला बैलाकडे कुणी नुसतं कुंकू घेऊन जात नाही हे मला जन्मापासून माहीत होतं, पण त्या क्षणी आठवलं नाही. मी तिसरं बोट लावलं, पाची पोळ्या चारल्या, हात धुतले आणि फार पुण्य केल्यासारखी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या कपाळावर कुंकवाचा थर बसला होता. बोटं मोजता येत नव्हती. कुणी हळदीकुंकू, कुणी अष्टगंध, आणि सगळ्यांच्या वर तांदळाच्या अक्षता नीट चिकटवलेल्या. तशा अक्षता संस्थेत फक्त संचालकांच्या पत्नी लावत. तीन नंबर मान खाली घालून उभा होता. रवंथ नव्हतं. डावी कूस ताणलेली होती. काकाजींनी कान लावला आणि तसाच बराच वेळ ठेवला.

"काई आवाज नाई," ते म्हणाले.

झाकण उघडलं तर नेहमीचा वास गेलेला आणि नाकात झोंबणारा आंबट भपकारा आला. वर फेस आणि पुरण. मी आम्लाचा कागद बुडवला, तो नारिंगी झाला. पिठा-गुळावर आम्ल करणारे जिवाणू रातोरात माजले होते आणि कडबा फोडणारे सगळे त्या आम्लात मेले होते. मी हे काकाजींना जमेल तसं समजावलं. अर्धं मिनिट ऐकून ते म्हणाले, "हाव. आंबलं." माझ्या पदवीचा मजकूर त्यात संपला.

ते बाही सरसावून खांद्यापर्यंत हात घालून पोट रिकामं करू लागले. बादलीमागून बादली. पोळ्यांचे लगदे, नारळाचा तुकडा, पळसाच्या द्रोणाचा अर्धा भाग, एक आख्खा लाडू. मी सोड्याचं पाणी ओतत होते. ते दर बादलीला थोडं थांबत, वास घेत, आणि पुढची भरत. मला वाटलं, पोटाची तपासणी चालली आहे.

संचालक आले. बैलाकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"समितीच्या प्रात्यक्षिकाचं काय?" ते म्हणाले.

मी म्हटलं, "सर, आधी हा जगेल का ते पाहायला हवं."

"जगेल कसा नाही! आपल्याकडे शुद्ध वाण आहे ना. आत कुणी उरलेलं नाही, म्हणजे स्पर्धाच नाही. हीच तर संधी आहे."

मग त्यांनी पांढरा डगला मागवला. वर्ध्याहून छायाचित्रकार मागवला. त्या कर्तबगार जिवाणूचे दोन चंबू कुशीतल्या भोकातून तीन नंबरच्या पोटात ओतताना संचालकांचा फोटो निघाला. बैलाचं तोंड फोटोत आलं नाही, त्यामुळे तो आजारी आहे हे फोटोवरून कळत नसे. दुसऱ्या दिवशी तीन नंबर खाली बसला आणि उठेना. पुढ्यातल्या कडब्याला त्याने तोंड लावलं नाही. माझ्या नळीतली कागदाची पट्टी जशी घातली तशी उभी होती, एक तंतू सुटला नव्हता. एकट्या जिवाणूला ते घर परकं होतं. तिथे मुळात वस्ती लागते, हजार जातींची, एकाने टाकलेलं दुसऱ्याने उचलणारी. हे मला आता सुचतं. तेव्हा मी नुसती रडायच्या बेताला आले होते.

"ताई," काकाजी म्हणाले, "दुसऱ्या बैलाच्या तोंडातला घास आणून घालाव लागते याच्या पोटात. माहा बाप तसाच करे. रवंथाचा घास. नाईतर हा काई उठत नाई, परवा लोक वढून नेतीन."

मी तसं संचालकांना जाऊन सांगितलं. ते खुर्चीत सरळ झाले.

"उष्टा घास? कुठल्या तरी खेड्यातल्या बैलाच्या तोंडातला? आणि तो आपल्या वाणात मिसळायचा? ही संशोधन संस्था आहे, उकिरडा नाही. असं काही केल्याचं मला कळलं तर करणारा दुसऱ्या दिवशी इथे दिसणार नाही."

दिसणार नाही याला मी घाबरले. माझी जागा कायम होण्याचे कागद त्यांच्या टेबलावर होते. काकाजी घाबरले की नाही मला माहीत नाही. ते मला एवढंच म्हणाले, "थरमास घेऊन येजा. घरी वाट पायतो."

मी गेले. दुपारची वेळ होती. अंगणात कडुलिंबाखाली त्यांची जोडी चरून येऊन बसली होती, डोळे मिटून रवंथ करत. काकाजी उजव्या बैलाच्या मानेशी उकिडवे बसले आणि नजर त्याच्या गळ्यावर ठेवली. घास पोटातून वर येतो तो मानेवरून सरकताना दिसतो. तो जबड्यापर्यंत पोचला की त्यांनी ओठाच्या कडेने, जिथे दात नसतात तिथून, बोटं आत घालून तो हिरवा गोळा बाहेर काढला आणि थर्मासमधल्या कोमट पाण्यात सोडला. बैलाने डोळे उघडले. रिकामं तोंड दोनदा हलवलं आणि काकाजींकडे असं काही पाहिलं की मलाच शरम वाटली.

"दे रे बाप्पा," ते त्याला म्हणाले. "तुह्या भावासाठी मांगून राह्यलो. माह्यासाठी नाई."

असे ते मागत राहिले. तासाभरात पाच-सहा घास. मग डाव्या बैलाकडून. मी झाकण उघडायचे, बंद करायचे, एम.एस्सी.ला एवढं जमत होतं. थर्मास छातीशी धरून मी सायकलवर परत आले आणि संचालक जेवायला गेलेले असताना आम्ही तो ऐवज तीन नंबरच्या पोटात सोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या दिवशी संध्याकाळी काकाजींनी कुशीला कान लावला आणि मला बोटाने बोलावलं. मीही कान लावला. आत खूप खोल, दळण सुरू झाल्यासारखा आवाज होता. तिसऱ्या सकाळी तो उभा होता आणि रवंथ करत होता. दोन दिवसांनी माझ्या नळीतली पट्टीही तुटली. मला तेव्हा झालेला आनंद नंतर कुठल्याच निकालाने झाला नाही, हे मी आजही लाज न बाळगता सांगते.

समिती आली. तीन माणसं, सुपारी खाणारी. तीन नंबर कडबा खात होता. संचालकांनी त्यांना फोटो दाखवला, नळ्या दाखवल्या, तुटलेला कागद दाखवला, आणि मेलेल्या पोटात संस्थेच्या शुद्ध वाणाने चार दिवसांत पुन्हा जीव आणल्याचं सांगितलं. समितीने वा, वा म्हटलं. त्या नळ्यांत देवळीजवळच्या दोन गावठी बैलांच्या तोंडातला घास होता. काकाजी बैलाची दोरी धरून शेजारी उभे होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही. मला विचारलं, आणि मी म्हटलं, हो सर, निकाल उत्साहवर्धक आहेत.

इथे हे संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते. पण समितीतल्या एकाने जाता जाता विचारलं की बैल मुळात आजारी का पडला. दिल्लीला लेखी उत्तर पाठवायचं ठरलं. संचालकांनी मला बोलावलं. टेबलावर एक फाइल माझ्या कायम होण्याची, आणि तिच्यावर कोरा कागद.

"चौकशी तुम्ही करा," ते म्हणाले. "नेमकं कुणी खायला घातलं ते निश्चित करा. एक नाव असलं म्हणजे प्रकरण मिटतं."

मी चौकशी केली. मुख्य लिपिक म्हणाला, आमच्या घरी पोळ्याला पुरण करतच नाहीत. माळी म्हणाला, मी गावाले गेलतो. रखवालदार म्हणाला, माही ड्यूटी पुढच्या गेटवर, गोठा मागे हाय, मले काय दिसते? इतक्या घट्ट चेहऱ्यांनी खोटं बोलताना मी माणसं तोवर पाहिली नव्हती. संचालकांच्या पत्नींना विचारायचं नसतंच. आणि चौकशी करणाऱ्याला कुणी विचारत नाही, ही त्या कामातली मोठी सोय. मी मनातल्या मनात सगळ्यांना नावं ठेवली, भेकड म्हटलं, आणि माझ्या पाच पोळ्या फडक्यासकट विसरून गेले.

शेवटी काकाजी.

"हाव, म्या देल्ली ना एक," ते म्हणाले. "आदल्या दिवशी आवतन देल्लं होतं जी. जेवाले बोलावून उपाशी ठेवाव काय?"

"पण काकाजी, सूचना लावली होती."

"तो कागद तुमच्यासाठी होता. त्याले कोठी वाचता येते?"

त्यांनी बैलाकडे हात केला. स्वतःकडे केला असता तरी चाललं असतं.

मी अहवाल लिहिला. एकदम स्वच्छ अक्षरात. सदर इसमाने प्राण्यास पुरणपोळी दिल्याचे कबूल केले. इतर कर्मचाऱ्यांनी असे काही केल्याचे नाकारले. दोन्ही वाक्यं खरी होती. एका पोळीने बैल मरणाच्या दारात जात नाही हे तिसरं वाक्यही खरं होतं आणि ते लिहिता येणारी संस्थेत मी एकटीच होते. मी ते लिहिलं नाही. ज्याने बैल वाचवला त्याला बैल मारायला निघालेला ठरवून मी खाली सही केली.

चौथ्या दिवशी त्यांना काढल्याचा कागद मिळाला, त्याला माझ्या अहवालाची प्रत जोडलेली. संध्याकाळी मी बाहेर पडले तेव्हा ते फाटकावरच्या पाटीच्या सावलीत एस.टी.ची वाट पाहत बसले होते. हातात तो कागद.

"वाचून दाखवा जी," ते म्हणाले.

मी वाचला. आवाज ताब्यात ठेवून, सगळा. इतरांनी नाकारले, इथे ते हसले.

"लिपिकाच्या घरचे तं लाडू होते," ते म्हणाले. "म्याच काहाडलं ना सारं हातानं. साहेबाच्या घरची पोयी पातय, मैद्याची." मग म्हणाले, "अन् सुंठीच्या बी होत्या. तुमच्या."

म्हणजे ते बादल्यांपाशी थांबून घेतलेले वास. त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं, आणि चौकशीत त्यांनी फक्त स्वतःचं सांगितलं होतं.

"तुमचं बी नाव हाय ना यात?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

"कोठी?"

मी कागदाच्या तळाशी माझ्या सहीवर बोट ठेवलं. त्यांनी वाकून त्या अक्षरांकडे नीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा निवळला.

"हाव का. मंग बरं झालं. मले वाटे, म्या एकट्यानंच सांगतलं का काय." मग त्यांना काहीतरी सुचलं. "तुम्हाले नाई काढलं ते बी बरंच झालं. त्याच्याजवय कोणी तरी जाणतं पाह्यजे."

गाडी आली. दाराशी एक पाय ठेवून ते वळले. "चार दिवस सोडा देत राहजा. अन् पुढच्या पोयाले त्याले आवतन द्याले इसरू नोका."

मी मान हलवली. पुढच्या पोळ्यापर्यंत मी कायम झाले होते आणि गोठ्याचं काम माझ्याकडे आलं होतं. आदल्या दिवशी तीच सूचना पुन्हा लागली, त्याच शब्दांत. या वेळी खाली सही माझी होती.